स्थिती: घरी परत

त्यांचं खरं नाव केंद्रात कुणाला आठवत नसे आणि ते विचारायची कधी कुणाला गरजही पडली नाही. सगळे त्यांना रकानेकाका म्हणत. नाव ठेवणाऱ्यानं अगदी मापात ठेवलं होतं. या माणसाला फॉर्मवरचा रिकामा रकाना बघवत नसे. दवाखान्याच्या रांगेत उभे असले तरी पुढच्या अनोळखी माणसाच्या कागदात डोकावून "अहो, तुमचं वय राहिलंय बघा," असं सांगणार, आणि वर त्याच्याकडून चार शब्द ऐकून घेणार. सदतीस वर्षं त्यांनी नोंदणी कचेरीत जन्ममृत्यूचे दाखले लिहिले होते. तिथं लिहिण्यासारखं काही नसेल तर ते आडवी रेघ मारत. रिकाम्या जागेत उद्या कोण काय लिहील याचा नेम नसतो, असं ते नव्या कारकुनांना सांगत. ऐकणारे जांभया देत.

निवृत्तीनंतर ते हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रात बसू लागले. केंद्र म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत दोन टेलिफोन, लोखंडी कपाटं आणि भिंतीला लावलेली बाकडी. आतल्या खोलीत एक संगणक, जो सुरू व्हायला चहा पिऊन होण्याइतका वेळ घेई. केंद्र चालवणाऱ्या बाई, फोन घेणाऱ्या ताई आणि काका, एवढाच संसार. बाईंना संगणक चालू-बंद करता येत होता, ताईंना तेवढंही नाही. त्यामुळं वासरात लंगडी गाय शहाणी या न्यायानं केंद्राची वेबसाइट काकांच्या गळ्यात पडली.

वेबसाइट तरी कसली, एक ब्लॉग होता. ज्या व्यवस्थेवर लोक आपल्या मांजरांचे फोटो आणि सहलीची वर्णनं टाकतात, त्याच व्यवस्थेवर केंद्रानं हरवलेली माणसं टाकली होती. एका माणसाचं एक पान. वर फोटो, खाली बाईंनी कुणाकडून तरी बसवून घेतलेले जादाचे रकाने: वय, उंची, अंगावरचे कपडे, शेवटचं कुठं दिसलं, ओळखीची खूण, घरचा फोन. आलेल्या नातेवाइकांकडून काका हे रकाने इतक्या चिकाटीनं भरून घेत की एखादी रडणारी आईसुद्धा रडणं थांबवून, "चपलेचा अंगठा तुटलेला होता, तेही लिहा," असं सांगू लागे. आणि कधी कधी त्या तुटलेल्या अंगठ्यावरूनच माणूस सापडत असे. काकांच्या स्वभावाला जन्मभर लोक हसले होते, पण इथं तो स्वभाव कामाला आला.

मात्र ते इथं समाजसेवा करायला आले नव्हते. सात वर्षांपूर्वी ते त्याच बाकड्यावर बसले होते, शेजारी काकू. पान क्रमांक दोनशे बारा त्यांच्या मुलीचं होतं.

मुलीला घरात खारू म्हणत. लहानपणी घास न गिळता गालात साठवायची, म्हणून खारू. मोठी झाली तरी बोलताना गालात काहीतरी धरून ठेवल्यासारखी बोलायची. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली एकुलती एक पोर. तिच्या शाळेच्या पहिल्या अर्जापासून प्रत्येक कागद काकांनी स्वतःच्या हातानं भरला, टपोऱ्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. ती एकोणीस वर्षांची झाली तेव्हा असाच एक प्रवेशअर्ज भरून त्यांनी तिच्यापुढं सहीला ठेवला. विषय त्यांनीच निवडला होता. 'आवड' या रकान्यात 'वाचन' लिहिलं होतं. त्या पोरीनं आयुष्यात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

"बाबा, एखादा रकाना मला भरू द्या ना कधीतरी," ती म्हणाली.

"तू काय भरणार? तुला काय हवं ते तुला तरी माहीत आहे का?" काका म्हणाले. चिडून नव्हे, गमतीत. पण गंमत करणाऱ्याला ती गंमत वाटते. ऐकणारीला काय वाटलं ते काकांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापडी पिशवी घेऊन अर्ज द्यायला म्हणून बाहेर पडली आणि परत आली नाही. टेबलावर तोच अर्ज होता, म्हणजे त्याची दुसरी कोरी प्रत. एकही रकाना भरलेला नव्हता. खाली फक्त तिची सही.

पोलीस झाले, दवाखाने झाले, मैत्रिणींची घरं झाली. शेवटी केंद्र. तिथं खारूचं पान काकांनीच लिहिलं. ओळखीची खूण: डाव्या भुवईत चीर. रांगायला लागली तेव्हा काकूंच्या शिलाई मशीनच्या पायावर आपटली होती, तिची खूण. त्यापुढं काकांनी 'बोलताना गालात घास असल्यासारखी बोलते' असंही लिहिलं होतं, पण काकू म्हणाल्या, "ते काढा, लोक हसतील तिला." काकांनी काढलं.

ते पान लिहून झाल्यावर बाईंनी दुसऱ्या कुणाचा तरी अर्धवट फॉर्म बाजूला ठेवला, तो काकांनी बसल्या बसल्या पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी ते परत आले. सात वर्षं येतच राहिले.

त्या सात वर्षांत घरात खारूबद्दल बोलणं कमी होत होत बंद झालं. काकू दिवसभर लोकांचे कपडे उसवून-शिवून देत आणि दुपारी जेवण झालं की साडेबाराला मोबाइलवर दोनशे बारा उघडून बघत. ब्लॉगवर कुठल्या पानाला रोज किती लोकांनी भेट दिली ते दिसतं. दोनशे बाराला रोज एक. ती भेट कुणाची ते काकांना ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक आहे हे काकूंनाही ठाऊक असावं. पण त्या विषयावर दोघांचं एक अक्षर झालेलं नव्हतं. नवराबायको एकमेकांना सांभाळतात म्हणतात ते कधी कधी असंही असतं. दोघं मिळून एका खड्ड्याला वळसा घालून चालतात.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी आणखी एक रकाना वाढवला: स्थिती. माणूस मिळालं की नाही, ते पानावर दिसायला हवं. नव्या पानांवर तो रकाना आपोआप भरला जाऊ लागला, पण जुनी अकराशे पानं तशीच राहिली. 'स्थिती', मग दोन टिंबं आणि पुढं काही नाही. काकांच्या डोळ्यांत ते कुसळासारखं सलत होतं.

म्हणून या वर्षी त्यांनी जुन्या पानांच्या घरांना क्रमानं फोन करायला घेतले. कागदावर यादी, हातात पेन्सिल आणि तोंडात ठरलेलं एकच वाक्य: "नमस्कार, नोंद केंद्रातून बोलतोय. तुमच्या घरचं माणूस परत आलं का?" चार महिने हे चाललं. कुणी शिव्या दिल्या, कुणी फोन कानाला धरून नुसतं रडलं. एका म्हाताऱ्यानं, "आलं ना, दुसऱ्याच दिवशी आलं, तुम्हाला कळवायचं राहिलं," असं हसत सांगितलं. अशीच घरं जास्त. माणूस परत आल्यावर केंद्र कुणाच्या लक्षात राहतं? आणि तेच बरं असतं.

जे परत आले नव्हते त्यांच्या पानावर काकांनी त्याच दिवशी स्वतः 'शोध सुरू' लिहिलं. ज्यांचा फोन लागला नाही त्यांच्याही पानावर तेच. जे गेले होते त्यांच्या पानावर तेही लिहिलं. परत आलेल्यांची पानं तेवढी मागं ठेवली, कारण त्यांची घाई कुणालाच नव्हती.

दोनशे अकरावा फोन झाला तेव्हा काकांनी पेन्सिल यादीवरून खाली सरकवली. दोनशे बारापुढं त्यांच्याच घरचा नंबर होता. स्वतःच्या घरी काय फोन करायचा? आणि पानावर 'शोध सुरू' लिहायचं तर सात वर्षं कुणी कसला शोध चालवला होता? हात काही उचलेना. नंतर बघू म्हणून त्यांनी दोनशे तेरा लावला. जगाचे रकाने भरणाऱ्या माणसानं आपला एक कोरा सोडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

फोन संपले त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी बाई म्हणाल्या, "काका, उद्या पाहुणे येतायत. मोठ्या पडद्यावर साइट दाखवायची आहे. ते स्थितीचं उरकेल का आज?"

"किती राहिलीत?"

"तुम्हीच सांगा, तुमचीच यादी."

सहाशे नव्वद राहिली होती. एकेक पान उघडायचं, लिहायचं, जतन करायचं. त्या मशीनवर एका पानाला दोन मिनिटं. काकांनी चष्मा पुसला आणि ब्लॉग कसा चालवायचा याची मदतीची पानं वाचायला घेतली. तासाभरात त्यांना हवं ते सापडलं. जादाच्या रकान्याला एक डिफॉल्ट ठरवून देता येतो, म्हणजे रकाना रिकामा असेल तर तिथं काय दिसावं तो शब्द. जिथं आधी काही लिहिलेलं आहे त्याला तो हात लावत नाही. एका जागी एकदा लिहायचं आणि सहाशे नव्वद पानं भरली! काकांना आपल्या सदतीस वर्षांच्या नोकरीची कीव आली.

प्रश्न फक्त शब्दाचा होता. 'सापडला' लिहावं तर बायका आहेत, 'सापडली' लिहावं तर पुरुष. काकांनी थोडा विचार करून लिहिलं, 'घरी परत'. बाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, "छान आहे हो. वाचूनच बरं वाटतं." काकांनी बटण दाबलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होती. त्यांनी इथली-तिथली पाच पानं उघडून तपासली. सगळीकडं 'स्थिती: घरी परत'. त्या खुशीत ताईंनी केलेला दुसरा चहाही ते प्यायले. त्यांच्या डोक्यात दोनशे बारा आलं नाही. सात वर्षं जे डोक्यातून गेलं नव्हतं ते नेमकं त्या दुपारी आलं नाही, याला काय म्हणावं? मला तरी शब्द सापडत नाही.

सहाच्या सुमाराला ते घरी पोचले. जिन्यातच त्यांना वेगळं वाटलं. दार सताड उघडं होतं आणि जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या धुतलेल्या होत्या. काकू दारात उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतली साडी. त्या काकांकडं बघत नव्हत्या. त्यांच्या खांद्यावरून मागं, जिन्याकडं बघत होत्या.

"मागून येते आहे का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"दमली असेल. वर यायला लाजत असेल. तुम्ही पुढं का आलात तिला सोडून?"

काकांना काही उमजेना. त्यांनी आत बघितलं. खारूच्या पलंगावर सात वर्षं शिवायच्या कपड्यांचे गठ्ठे असत. ते खाली उतरवून भिंतीशी रचले होते. पलंगावर स्वच्छ चादर, उशीला नवा अभ्रा. टेबलावर तीन ताटं पालथी घातलेली. आणि शिलाई मशीनच्या पायाला, त्या टोकदार कोपऱ्याला, काकूंनी फडकं गुंडाळून बांधलं होतं. सव्वीस वर्षांच्या मुलीला लागू नये म्हणून.

मग काकांना कळलं.

"मी फोन करणार होते लगेच," काकू सांगत होत्या. त्यांचा आवाज कित्येक वर्षांत असा मोकळा झाला नव्हता. "पण म्हटलं, तुम्हाला स्वतः येऊन सांगायचं असेल. एवढी वर्षं तिथं बसलात, तुमचाच मान. आधी कुठं होती ते नंतर विचारू हं. आज काही विचारायचं नाही तिला."

"अगं, ती आलेली नाही."

"पानावर आहे. मी चारदा बघितलं."

"ते मी केलं. म्हणजे तिचं असं नाही केलं. रिकाम्या रकान्यांना सगळ्यांनाच एक शब्द लावून दिला. जे भरलेले नव्हते तिथं तो आपोआप दिसतो. तिचा भरलेला नव्हता."

वरच्या मजल्यावरचा माणूस जिन्यातून वर जाऊन दार लावून घेईपर्यंत काकू तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "तिचाच का नव्हता?"

"मला लिहवलं नाही."

"एवढ्या लोकांचं लिहिलंत."

काकू आत गेल्या, तिसरं ताट उचलून मांडणीत ठेवलं आणि बाकीची दोन तशीच पालथी राहू दिली. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत. चादर मात्र काकूंनी काढली नाही.

बुधवारी केंद्र उघडायच्या तासभर आधी काका दारात हजर होते. ताईंनी कुलूप काढलं, संगणक आपल्या चालीनं सुरू झाला, आणि काकांनी थेट दोनशे बारा उघडलं. फोटोत खारू अर्धवट हसत होती. खाली 'स्थिती: घरी परत'. आणि त्याच्याही खाली, सात वर्षांत कधी नव्हती ती एक प्रतिक्रिया आलेली होती, मंगळवार दुपारची.

'तुमची मुलगी घरी आली हे वाचून फार आनंद झाला. मी बसथांब्याजवळ खाणावळ चालवते. आमच्याकडं तीन महिने एक मुलगी भांड्यांना होती, अगदी अशीच दिसायची, भुवईत चीरसुद्धा. वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणात हा फोटो आणि या पानाचा पत्ता बघितल्यापासून मनात होतं, म्हणून आज मुद्दाम पान उघडलं. पण तुमची परत आली म्हणजे आमची दुसरीच कुणीतरी. तिच्याही आईबापांना असाच दिवस दिसो.' खाली फोन नंबर होता.

काकांनी तो नंबर तीनदा चुकीचा फिरवला. चौथ्यांदा लागला.

"अहो, अभिनंदन!" पानावरच्या मुलीचा बाप बोलतोय, एवढं काका म्हणताच त्या बाई बोलल्या. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"ती मुलगी आहे का तिथं?"

"कोण, आमची? नाही हो, गेली काल. सकाळपासून निघते निघते करत होती. एका जागी फार टिकत नाही म्हणाली. मीच जेवून जा म्हणून धरून ठेवली होती. मला तुमचं पान बघायचं होतं ना. बघितलं आणि मग काय, म्हटलं, जा बाई."

"कुठं गेली?"

"ते नाही सांगितलं. इथून चार दिशांना गाड्या जातात."

"बोलायची कशी?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"बोलायची कशी ती?"

"असं बघा," खाणावळवाली जरा हसली, "तोंडात घास असल्यासारखी. मी चेष्टा करायची, आधी गीळ मग बोल." मग ती एकदम थांबली. भांड्यांचा आवाजही थांबला. "पण तुमची तर परत आली ना? काका? तिथं लिहिलंय तसं."

काकांनी तिला खरं काय ते सांगितलं. ती फोनवरच रडायला लागली, आणि काकाच तिची समजूत घालत बसले की तुमची काही चूक नाही, तुम्ही जे लिहिलेलं होतं तेच वाचलंत. गाड्या कुठल्या कुठल्या गेल्या ते त्यांनी विचारून कागदावर उतरवलं. ती किती वाजता निघाली, तेही उतरवलं.

काकांनी फोन ठेवला. बाई आल्या, त्यांनी पाहुण्यांचं काहीतरी विचारलं, काकांनी ऐकलं नाही. त्यांनी डिफॉल्टचा शब्द पुसून टाकला. सहाशे नव्वद पानं पुन्हा रिकामी झाली. मग त्यांनी कपाटातून यादी काढली, पेन्सिल दोनशे बारावर टेकवली आणि तिथला नंबर फिरवला. पलीकडून काकूंचा आवाज आला तेव्हा तोंडून चार महिन्यांचं पाठ झालेलं वाक्यच बाहेर पडलं.

"नमस्कार, नोंद केंद्रातून बोलतोय. तुमच्या घरचं माणूस परत आलं का?"

पलीकडं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "नाही आली. लिहा."

काकांनी एका हातानं 'शोध सुरू' लिहिलं आणि पान जतन केलं. फोन दुसऱ्या हातात तसाच होता. काकूंनीही ठेवला नव्हता.

"अगं, आणखी एक आहे," ते म्हणाले. "दिसली होती. एका खाणावळीत कामाला होती. तिथल्या बाई तिला थांबवून ठेवणार होत्या, पण त्यांनी आपलं पान वाचलं आणि जाऊ दिलं. जिवंत आहे ती. कुठं गेली ते कळत नाही."

"कधी जाऊ दिलं?"

"काल."

"काल किती वाजता?"

काकांना समोरच्या कागदावर स्वतःचंच टपोरं अक्षर दिसत होतं. खोटं सांगता आलं असतं. त्यांनी वाचून दाखवलं, "एक वाजता."



"तेव्हा मी चादर घालत होते," काकू म्हणाल्या.